रक्ताचा कर्करोग आहे, म्हणून बसून राहू नका

घरात कुणाला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं की सगळ्यात आधी त्या व्यक्तीच्या हातातलं काम काढून घेतलं जातं. 'तू बस, मी करते.' भाजी आणायला दुसरंच कुणी जातं, पाण्याचा ग्लासही जागेवर येतो. यामागे प्रेमच असतं. पण आजार क्रॉनिक प्रकारातला असेल, म्हणजे वर्षानुवर्षं सोबत राहणारा, तर या काळजीनेच माणूस अंथरुणाला खिळू लागतो.

रक्ताचा प्रत्येक कर्करोग झपाट्याने वाढणारा नसतो. सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचंच उदाहरण घ्या. २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली आणि या आजाराचं चित्रच पालटलं. आज नियमित गोळी घेणारे अनेक रुग्ण जवळपास सामान्य आयुष्य जगतात. सीएलएलच्या काही रुग्णांना तर सुरुवातीला औषधच दिलं जात नाही, फक्त ठरावीक काळाने तपासणी होते. मल्टिपल मायलोमा अजून पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी तो बरीच वर्षं आटोक्यात राहू शकतो. एवढी वर्षं नुसतं सोफ्यावर बसून काढायची का?

झोपूनही न जाणारा थकवा

या रुग्णांची सर्वांत मोठी तक्रार थकव्याची असते. घरच्यांना तो आळस वाटतो, पण तसं नसतं. हा थकवा आठ तास झोपूनही जात नाही. म्हणून माणूस आणखी पडून राहतो. पडून राहिल्याने स्नायू कमी होतात, दम लवकर लागतो, कालपर्यंत सहज चढलेला जिना आज जड वाटतो आणि मग माणूस पुन्हा पडून राहतो. मायलोमासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू आणखी कमकुवत होऊ शकतात. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला तर ते वय झाल्याचं लक्षण आहे असं समजू नका, डॉक्टरांना सांगा.

हे चक्र हालचालीनेच तुटतं. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी व्यायामाचं मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. आठवड्यातून तीन वेळा साधारण ३० मिनिटं मध्यम व्यायाम केल्याने थकवा, चिंता आणि उदासपणा कमी होतो, असं त्यात म्हटलंय. यातले बरेच पुरावे स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्णांचे आहेत, पण थकव्याबाबत रक्ताच्या कर्करोगातही डॉक्टर हाच सल्ला देतात. व्यायामाने कर्करोग बरा होत नाही आणि गोळीला तो पर्यायही नाही. व्हॉट्सअॅपवर कुणी काहीही पाठवो.

३० मिनिटं ऐकून घाबरू नका. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पुरेत, तीही पाच-पाचच्या दोन फेऱ्यांत. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा. उत्तर भारतात राहत असाल तर हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी बाहेर पडण्यापेक्षा घरातच फेऱ्या मारा. मायलोमात स्टेरॉइडच्या गोळ्यांनंतरचे एक-दोन दिवस अनेकांना गळून गेल्यासारखं होतं. त्या दिवशी कमी चाला, पण चाला. आणि हो, भाजीची पिशवी त्यांच्या हाती परत द्या. कोथिंबीर-मेथीची, बटाट्यांची नको.

आधी रिपोर्ट, मग शूज

हे आजार इतर आजारांपेक्षा वेगळे आहेत ते इथे. शेजारच्या काकूंना मानवलेला व्यायाम तुमच्या रुग्णाला चालेलच असं नाही. ताज्या सीबीसी रिपोर्टमध्ये आधी प्लेटलेट्स पाहा. त्या साधारण ५० हजारांच्या खाली असतील तर पडण्या-आपटण्याची भीती असलेले खेळ आणि जड वजनं टाळा. २० हजारांच्या खाली असतील तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काहीच सुरू करू नका. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तरीही आधी त्यांनाच विचारा. पांढऱ्या पेशी खूप कमी असतील तर गर्दीची जिम आणि सार्वजनिक स्विमिंग पूल नको.

प्लीहा म्हणजे स्प्लीन वाढलेली असेल तर पोटावर दाब येणारी आसनं आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळा. टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती तर नकोच.

मायलोमात हाडं पोकळ झालेली असू शकतात. अशा वेळी वाकून पाण्याची बादली उचलणं, गॅस सिलेंडर सरकवणं, कंबर पिळणारी आसनं यांनी मणक्याला इजा होऊ शकते. मात्र चालणं, खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात लावून ढकलणं असे प्रकार बऱ्याच जणांना जमतात. कोणती हाडं जपायची, हे डॉक्टरांकडून स्कॅन पाहून विचारून घ्या आणि शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टची एक तरी भेट घ्या.

व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर थांबा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. काही रक्तविकारांत, तसंच मायलोमाच्या काही औषधांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पाठीत नवीन दुखणं सुरू झालं तरी फोन करायला उद्याची वाट पाहू नका.

सुरुवातीचे काही दिवस अंग थोडं दुखेल. तेव्हा मेडिकलमधून पेनकिलर आणून परस्पर देऊ नका. मायलोमात मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी त्यांना आणखी इजा होऊ शकते.