नाव काढलंत, राव!

आडनाव वाघमारे असेल तर तुम्ही लकी! वाघ काढा, भाला काढा, झालं. पण कुलकर्णींनी काय करायचं? माझा सल्ला : एक कुलूप आणि शेजारी कान!

हा फंडा माझा नाही, मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांचा. त्यांच्या नाहुआट्ल भाषेच्या चित्रलिपीत माणसाच्या डोक्याजवळच त्याचं नाव 'काढलेलं' असायचं. इत्स्कोआत्ल राजा म्हणजे पाठीवर काळ्या काचदगडाची पाती असलेला साप. चिमाल्पोपोका म्हणजे धुमसणारी ढाल. जसा अर्थ, तसं चित्र.

खरी धमाल स्पॅनिश लोक आल्यावर. १५३५ मध्ये पहिले व्हाइसरॉय आले, आंतोनिओ दे मेंदोसा. या नावाचं चित्र कसं काढणार? लेखनिकांनी अर्थ सोडला, आवाज पकडला. घायपात म्हणजे 'मेत्ल', बिळात राहणारा एक प्राणी म्हणजे 'तोसान'. दोन्ही जोडा : मे-तोसान! जेत्या साहेबांचं नावही शेवटी स्थानिक लिपीतच बसलं.

मला मात्र भिडते ती वेशोत्सिंकोची १५६० सालची शिरगणतीची वही. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पानोपानी कुटुंबप्रमुखांची डोकी रांगेत मांडलेली. बाप्तिस्मा झालेला, म्हणून रोमन अक्षरांत पेद्रो नाहीतर हुआन. पण डोक्याशेजारचं चित्र जुन्या घरच्या नावाचं. कुणाचा गरुड, कुणाचा साप.

राजांची नावं इतिहास सांभाळतोच हो. इथे साध्या सुताराचंही नाव टिकलंय, आणि तेही त्याचं स्वतःचं!