माळावरची मृगया आणि दूरचित्रवाणीचा पडदा

मराठी प्रेक्षकाच्या घरात दूरचित्रवाणी आली आणि त्याच्या मुलखातून बंदुकीची शिकार कायद्याने हद्दपार होऊ लागली, या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. १९७२ च्या सप्टेंबरात वन्यजीव संरक्षणाचा अधिनियम संमत झाला आणि पुढच्याच महिन्यात, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यामुळे अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत परवाना काढून केलेल्या शिकारीचे जसे कार्यक्रम चालतात, तसा प्रकार आपल्याकडे रुजण्याचा प्रश्नच उरला नाही; आणि तो उरला नाही हे फार चांगले झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु शिकारकथेत श्रोत्याला जे खिळवून ठेवते, तो माग, ती प्रतीक्षा, ते वाऱ्याच्या दिशेचे भान आणि जनावर समोर येईल की नाही याची अखेरपर्यंत न मिटणारी शंका, हे सारे बंदूक बाजूला ठेवल्यावरही जसेच्या तसे शिल्लक राहते. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात वाघाच्या वाटेवर तार ताणून वाघाच्याच पावलाने त्याचे छायाचित्र काढवले, तेव्हा या नव्या मृगयेचा पाया घातला गेला.

अशी मृगया पडद्यावर आणू पाहणाऱ्या निर्मात्यापुढे दोन प्रश्न असतात: पैसा किती लागेल आणि कथा किती मिळेल. पैसा यंत्रांपेक्षा दिवसांत अधिक जातो. चारपाच माणसांचे पथक, त्यांची गाडी, मुक्काम, जेवणखाण आणि भाड्याने आणलेली लांब पल्ल्याची भिंगे यांचा खर्च जनावर दिसो वा न दिसो, रोजच्या रोज चालूच राहतो. म्हणजे हमखास दिसणारे जनावर स्वस्त पडते. परंतु जे हमखास दिसते त्यात कथा थोडी, आणि जे दिसेलच असे नाही त्यात कथा भरपूर असूनही खर्चाला अंत नाही. या पेचातून वाट काढायची, तर जेथे स्थळ आणि वेळ निश्चित आहे पण निष्पत्ती अनिश्चित आहे, असा प्रसंग हेरावा लागतो. असे प्रसंग शोधण्यासाठी ताडोबापर्यंत जाण्याची गरज नाही. पुण्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड या अवर्षणप्रवण तालुक्यांत आणि त्यांच्या शिवेवर ते विपुल आहेत.

एके काळी या पठारी मुलखातील हरणांची शिकार हा राजेरजवाड्यांच्या खजिन्यातून चालणारा विषय होता. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळवीट धरण्याचा शिरस्ता होता, आणि देशी चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले गेले. आज भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात, अवघ्या सव्वादोन चौरस किलोमीटरच्या रेहेकुरी अभयारण्यात, कोणीही सामान्य माणूस काळविटांचा कळप पाहू शकतो. दौंडच्या दक्षिणेला, बारामती तालुक्यातील सुप्याजवळ, मोरगावच्या गणपतीचे नाव धारण करणारे मयूरेश्वर अभयारण्य आहे. तेथील चिंकारा तर चित्रणासाठीच घडवल्यासारखा वागतो. माणसाची चाहूल लागताच तो उधळतो. पण काही अंतर तोडून थांबतो, मान वळवून मागे पाहतो, शेपटीची काळी गाठ झटकत उभा राहतो आणि मगच बोरी-हिवरांच्या आड होतो. त्या एका थांबण्यासाठी कॅमेरेवाल्याने कुसळांनी भरलेल्या गवतात पालथे पडून राहावे, आणि कुसळे कापडातून टोचत असतानाही हलू नये, हीच त्या चित्रणातली खरी कसोटी.

लांडगा मात्र इतका उदार नाही. त्याच्यासाठी दिवस मोजावे लागतात आणि धनगराची संगत धरावी लागते. कारण कोणत्या ओढ्याच्या काठाने तो पहाटे परततो, हे त्याच्यामुळे मेंढरे गमावणाऱ्या माणसाइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. धनगराचा वाडा, त्याची कुत्री, रात्रीचा जागता पहारा आणि पलीकडे दबा धरून बसलेला लांडगा यांत एक संपूर्ण नाट्य आहे. पुण्याच्या परिसरात लांडगा आणि भटके कुत्रे यांच्या संकराची जनावरे आढळल्याचे अलीकडच्या जनुकीय तपासणीने सिद्ध केले असल्यामुळे त्या नाट्याला आता चिंतेची एक नवी किनार आली आहे. खर्च थोडा अधिक झाला तरी हा विषय सोडू नये.

शिरूरचा बिबट्या हा याहून गंभीर विषय आहे. कुकडी, घोड आणि चासकमानच्या कालव्यांनी पाणी आणले, पाण्याने ऊस आणला, आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या त्या दाट उसात बिबट्याने आपला संसार थाटला. त्याच्या कित्येक पिढ्यांनी डोंगरातले जंगल पाहिलेलेही नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत मुलांसह माणसे दगावली, लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर बिबट्याला गोळी घालण्यात आली. माणसाच्या जिवाला धोका असलेले जनावर पकडता किंवा बेशुद्ध करता येत नसेल, तरच असा हुकूम देण्याची मुभा कायद्यात आहे. असे प्रसंग बातमी म्हणून सांगितलेच पाहिजेत. परंतु ज्या घरातले मूल गेले त्याच्या अंगणात कॅमेरा रोवून, पिंजऱ्याभोवती जमलेल्या जमावाचा गलका हा रंजक कार्यक्रम म्हणून दाखवणे, मग ते कितीही अल्प खर्चात होत असो, मला सर्वथा अनुचित वाटते.

त्याच उसात दुसरी एक कथा दर गळीत हंगामात घडते. ऊसतोड चालू असता एखाद्या सरीत बिबट्याची दोन-तीन बछडी सापडतात. डोळे नुकते उघडलेली, मांजराच्या पिलांएवढी. कोयता थांबतो आणि वनखात्याला वर्दी जाते. पशुवैद्य येऊन बछड्यांची तपासणी करतात. मग संध्याकाळी, जेथे ती सापडली त्याच जागी, त्यांना क्रेटमध्ये ठेवले जाते, अंधारात टिपणारा कॅमेरा लावला जातो आणि माणसे दूर जाऊन बसतात. आई येईल का? बहुधा ती येते. आधी बांधावर थबकते, हुंगते, पुन्हा उसात शिरते, परत येते, पंजाने क्रेट कलंडवते आणि एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. जुन्नर वनविभागाने, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्यांच्या साह्याने, अशा कित्येक भेटी घडवून आणल्या आहेत. शेत ठरलेले, रात्र ठरलेली, पथक लहान, आणि शेवट मात्र कोणाच्याच हातात नाही. शिवाय बछडी हरवलेली मादी त्या शिवारात बिथरून फिरू नये म्हणून ही भेट घडणे गावाच्याही हिताचे असते, हे त्या ऊसतोड मजुरांच्या आणि शेतकऱ्याच्या तोंडूनच प्रेक्षकाला ऐकू येईल. निवड करण्याचा अधिकार मला मिळाला, तर पहिला भाग मी याच रात्रीचा करीन.

सोप्या विषयांत शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली आहे, जेथे चिंचेच्या झाडांखाली मोर माणसांना बुजत नाहीत. आणि दौंडहून सोलापूरच्या वाटेवर भिगवण आहे, जेथे उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात आणि धरणात जमिनी गेलेल्या गावांतील मच्छीमार आपल्या होडीतून पाहुण्यांना त्यांच्यापर्यंत नेतात. त्या होडीवाल्यांचे जीवनच पक्ष्यांइतके चित्रणयोग्य आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. अभयारण्यातील चित्रणासाठी वनखात्याचा परवाना लागतो, आणि ड्रोन तर परवानगीवाचून उडवूच नये. त्याच्या घरघरीने बिथरलेला कळप तारेच्या कुंपणावर जाऊन आदळू शकतो. लांडग्याच्या गुहेचे ठिकाण पडद्यावर ओळखू येईल असे दाखवू नये; गावाचे नावही गाळावे. आणि ज्या धनगराने माग दाखवला, ज्या शेतकऱ्याने आपल्या उसात रात्रभर कॅमेरा ठेवू दिला, त्यांच्या मेहनतान्याची रक्कम अंदाजपत्रकात भिंगांच्या भाड्याच्या आधी लिहावी.