मोबाइलमधली पेरणी

नोकिया ३३१० हा फोन २००० साली आला. त्यातला साप सगळ्यांना आठवतो. पण त्याच फोनमध्ये ‘बांटूमी’ नावाचा आणखी एक खेळ होता. दोन ओळींत सहा-सहा घरं, घरांत बिया, आणि त्या उचलून पुढे एकेक पेरत जायचं. आफ्रिकेपासून आपल्या दक्षिणेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या खेळल्या गेलेल्या मंकाळा खेळाचंच ते रूप होतं. तमिळनाडूत त्याला पल्लांगुळी म्हणतात, तुळू मुलखात चेन्ने मणे. आता स्मार्टफोनवर त्याची कितीतरी अ‍ॅप फुकट मिळतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज एका पाड्यावर असते आणि पुढच्या वळणावर जाते. तिथे हा खेळ विशेष सोयीचा. एकदा फोनमध्ये घेतला की बहुतेक अ‍ॅपना इंटरनेट लागत नाही, आणि दोघं जण एकाच फोनवर समोरासमोर खेळू शकतात.

बहुतेक अ‍ॅपमध्ये असतो तो ‘कलाह’ हा प्रकार. प्रत्येक घरात चार, म्हणजे एकूण ४८ बिया. आपल्या बाजूचं कुठलंही घर रिकामं करायचं आणि घड्याळाच्या उलट दिशेने एकेक बी टाकत जायचं. उजव्या टोकाला आपली कोठी. तिच्यातही एक टाकायची, समोरच्याची कोठी मात्र वगळायची. शेवटची बी आपल्या कोठीत पडली तर आणखी एक खेळी मिळते. ती आपल्याच रिकाम्या घरात पडली तर समोरच्या घरातल्या बियाही आपल्या. म्हणून पहिली खेळी असेल तर डावीकडून तिसरं घर उचलून पाहा: चौथी बी नेमकी कोठीत जाते. मुलं हे दोन-तीन डावांत ओळखतात. मग डोळ्यांनीच मोजायला लागतात, आणि खेळाची खरी गोडी तिथे सुरू होते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. कलाह हा आपल्याकडचा जुना खेळ नव्हे. विल्यम ज्युलियस चँपियन या अमेरिकन माणसाने १९४० साली त्याचे नियम बांधले. पल्लांगुळीत दोन्ही बाजूंना सात-सात, म्हणजे चौदा घरं असतात. हातातली शेवटची बी टाकली की पुढच्या घरातल्या बिया उचलून पेरणी चालूच ठेवायची. पुढचं घर रिकामं लागलं तर त्यापलीकडच्या घरातला ऐवज जिंकायचा. फेरी संपली की हरणारा आपल्याकडच्या बियांनी जमतील तेवढी घरं भरतो, उरलेली घरं बंद होतात आणि खेळ पुढे चालतो. ही लांबण, ही चिकाटी कलाहच्या एका डावात मावत नाही. फोनवर ज्या मुलाने फक्त कलाह पाहिला, त्याला हा खेळ अर्धाच भेटला.

यंत्राशी खेळताना आणखी एक अडचण येते. त्याची मोजणी कधी चुकत नाही. आफ्रिकेतल्या अवारी प्रकारात पटावर येऊ शकणारी तब्बल ८८,९०६ कोटी स्थानं नेदरलँड्समधल्या जॉन रोमाइन आणि हेन्री बाल यांनी २००२ साली संगणकावर तपासली. दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो, असं त्यातून दिसलं. पण आपल्याला हवा असतो तो चुकणारा, चिडणारा, बिया पुन्हा मोजायला लावणारा भिडू.

फोनमधून खेळ शिकायला काहीच हरकत नाही. पण नियम कळले की फोन बाजूला ठेवायला हवा. चिंचोके आपल्याकडे मुबलक आहेत, सीताफळाच्या बिया तर धडगावच्या घरोघरी सांडलेल्या असतात, आणि खळग्यांना अंगणातली माती पुरते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांनाही हा खेळ मुक्कामावर मांडता येईल. त्याला ना चार्जर लागतो ना पैसा.

आश्रमशाळांच्या शिक्षकांना विनंती आहे: बेरीज-वजाबाकीच्या तासाला एकदा चौदा खळगे करून पाहा. अ‍ॅप बनवणाऱ्या आपल्या तरुणांनी सात घरांचे नियम आणि अहिराणी, पावरी, मावची भाषांतल्या सूचना घालून हा खेळ तयार करावा. फोनमध्ये तो कमी जागेत, विनाइंटरनेट चालला पाहिजे, एवढी अट पाळावी.