फेरफाराची वही आणि गिट

सातबाऱ्याचा उतारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. परंतु ती स्थिती कोणत्या खरेदीने, वाटणीने वा वारसाने आली हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याला तलाठ्याच्या दफ्तरातील गाव नमुना ६, अर्थात फेरफाराची नोंदवही, पाहावी लागते. आज्ञावली लिहू लागलेल्या विद्यार्थ्यांना 'गिट' समजावून देताना मला या वहीइतके जवळचे उदाहरण दुसरे सापडलेले नाही.

गिट म्हणजे आज्ञावलीत होत गेलेल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या अशाच नोंदप्रणालीची विनामूल्य सवलत काढून घेतली गेली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट रचावयास घेतले.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने पतपेढीच्या ठेवींची आज्ञावली लिहिली असून, 'गिट इनिट' ही आज्ञा एकदाच देऊन त्या फोल्डरात नोंदवही उघडली आहे. आज त्याने एका फाइलीत व्याजाची आकारणी बदलली आणि जाता जाता दुसरीत पावतीचा मथळाही सुधारला. 'गिट स्टेटस' म्हणताच दोन्ही फाइलींची नावे पुढे येतात. येथे नवशिका दोन्ही एकदम दाखल करतो, आणि माझ्या मते पहिली चूक येथेच होते. 'गिट ॲड'ने आधी केवळ व्याजाची फाइल पुढे ठेवावी. तलाठ्याने धरलेली नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावाचून पक्की होत नाही, तद्वत 'गिट कमिट' म्हणेपर्यंत हा बदलही कच्चाच असतो. मग पावतीचा कमिट निराळा करावा. पुढे आकारणी चुकीची ठरली, तर 'गिट रिव्हर्ट'ने तेवढीच फिरवता येते, पावतीला धक्का लागत नाही. आणि हे फिरवणेही जुनी नोंद न खोडता नव्या नोंदीनेच होते.

मोठा प्रयोग करावयाचा तर वेगळी ब्रँच, म्हणजे कामाची शाखा, काढावी आणि तो साधल्यावर ती मूळ शाखेत मर्ज करावी. दोघांनी एकच ओळ निरनिराळी बदलली असेल, तर गिट दोन्ही पाठ समोर मांडून थांबते. निवाडा माणसानेच करावयाचा असतो.

कोणी, केव्हा, काय बदलले हे गिट टिपून ठेवते. का बदलले, हे मात्र कमिटचा संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावयाचे असते. 'बदल केले' या दोन शब्दांनी सहा महिन्यांनंतर कोणालाच, खुद्द लिहिणाऱ्यालाही, काही उमगत नाही. त्याऐवजी त्याने लिहावे : 'व्याज महिन्यांऐवजी दिवसांवर मोजले, मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर पुऱ्या महिन्याचे व्याज पडत होते.'