नववी पुडी

पहाटे 1.45. निर्मळजवळची वाडी. शुक्रवार, 6 सप्टेंबर 2024. उद्या गणेश चतुर्थी, परवा मारियामातेचा जन्मदिन. सोनचाफा लावणाऱ्याला याहून चांगले दिवस नाहीत आणि यंदा ते लागोपाठ आलेत. मावशींनी डोक्याला टॉर्च बांधला, पायात गमबूट चढवले. पावसाळ्यात बुंध्याशी घोणस असते. कपाळाला, छातीला, खांद्यांना क्रुसाची खूण केली आणि निघाल्या.

2.00. झाडं छाटून ठेंगणी ठेवलेली, तरी वरच्या फांद्या आकडीनं ओढाव्याच लागतात. कळी हिरवी चालत नाही, पुरती उमललेलीही चालत नाही. टॉर्चच्या उजेडात पिवळा रंग फसवतो, म्हणून मावशी बोटांनी चाचपून खुडतात. देठ राखायचा. ऊन लागलं की फूल उघडतं, मग पाकळ्या गळतात, आणि गळक्या फुलाला गिऱ्हाईक नाही. ओठ सारखे हलत होते. मला वाटलं, फुलं मोजतायत. रोझरी चालली होती.

"दहा नमो मारिया झाल्या की एक झाड उरकतं," त्या म्हणाल्या.

3.15. ओटा. काका मोजायला बसले. नऊशे. शंभराची एक पुडी, केळीच्या पानात, वर ओलं फडकं. आठ पुड्या पाटीत गेल्या. नववी मावशींनी उचलून घरात माठाशेजारी ठेवली. ती नोवेनाची, मारियामातेच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची.

"आय, आजचा भाव तरी बघा," सून म्हणाली.

"भाव बघून द्यायचं, तर विकलेलंच बरं."

काका सुतळी कापत राहिले.

3.35. नालासोपारा स्टेशनपर्यंत रिक्षा, दीडशे रुपये. दिवसा वीस रुपयांत सीट मिळते. अंधाराचे एकशे तीस.

4.10. लोकलचा मालडबा. तुळशीचे भारे, दूर्वा, जास्वंदीच्या कळ्या, केळीची पानं, त्यात माणसं. मावशी दांडीला हात अडकवून उभ्या-उभ्या झोपल्या. बोरिवलीला रेटा आला तशा जाग्या झाल्या, पाटी पायांत ओढून घेतली, पुन्हा डोळे मिटले.

5.20. दादरची फुलमंडई. चतुर्थीच्या आदल्या दिवशी इथे चालायचं नसतं, मागचे ढकलतील तसं पुढे जायचं. व्यापाऱ्यानं पुडी उघडली. वास घेतला नाही, देठ बघितला.

"अडीचशे."

"तीनशे. जुलैत साठनं टाकलीत, तेव्हा मी बोलले का?"

पाच पुड्या तीनशेनं गेल्या. सहानंतर आणखी माल उतरला, भाव दोनशेवीसवर आला. उरलेल्या तीनही त्या भावात दिल्या. घासाघीस केली नाही. उशीर झाला तर पुढची गाडी तुंबते. एका बाईनं त्या व्यापाऱ्याकडून तिथल्या तिथे अकरा फुलं घेतली, बाप्पाच्या मुकुटासाठी. मावशींनी वळून तिला सांगितलं, "ओल्या फडक्यात ठेवा. फ्रिजच्या मागच्या बाजूला नको, काळी पडतात."

9.30. घर. तांदळाची भाकरी, लसणाची चटणी. बसून खाल्लेला दिवसाचा पहिला घास.

10.15 ते 1.00. वाडीत तण काढणं, आळ्यात शेणखत. मजुरीला दोन वारली बायका, पाचशे रुपये रोज. मावशी त्यांच्याच रांगेत. शेजारच्या वाडीत आता इमारत उभी आहे. तिच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी कुंपणापाशी ठिबकतं आणि तिथलं तण दुप्पट वाढतं. बाराला चर्चची घंटा झाली. मावशींनी विळा खाली ठेवला, उभ्या राहून देवदूताची प्रार्थना म्हटली. त्या दोघीही उठल्या. घंटा त्यांची नाही, पण कंबर त्यांचीच.

2.00. झोप. दीड तास.

6.00. चर्च. नोवेनाचा आठवा दिवस. नववी पुडी उघडली तेव्हा फुलं अर्धी उमललेली, वास तिसऱ्या बाकापर्यंत. पोरींनी ती मारियामातेच्या पुतळ्यापाशी वाहिली. पाच मिनिटांत पान रिकामं. उपदेशात फादर कष्टाबद्दल बोलले. संत पौल तंबू शिवून पोट भरायचा, कुणावर भार टाकला नाही, हे सांगितलं. मग त्याग, मग देवाचे उपकार मानणं. चांगलं बोलले. मावशी पेंगत होत्या.

8.15. वही. विक्री 2,160. रिक्षा 150, येतानाची 20, मंडईतली जागा 50, चहा-वडापाव 45, मजुरी 1,000. उरले 895. त्याखाली ओळ: 100 फुलं, मारियामाता. रुपयांच्या रकान्यात आडवी रेघ. सुनेनं रेघ बघितली, काही म्हणाली नाही. थोड्या वेळानं म्हणाली,

"उद्या मीपण येते खुडायला. लवकर आटपेल."

"गमबूट एकच जोड आहे."

"बाबांचे घालते."

"मोठे होतील. पुढे कागद कोंब," मावशी म्हणाल्या आणि गजर एकचा लावला.