दाढेंतील पारा

"आजोबा, तुमच्या दाढेंत पारा आहे ना? मग तो वाहून कां जात नाहीं?" असें आमच्या नातीनें परवां विचारलें. नगरच्या दंतवैद्यांनीं आमच्या दाढेंत चांदी भरली त्यास तीस वर्षें लोटलीं. ती आतां उपटून टाकावी, असा घरांत आग्रह चालला होता; म्हणून प्रश्नाचें उत्तर नीट शोधणें आम्हांस भाग पडलें.

वाचकांनीं प्रथम कल्हई आठवावी. आमच्या लहानपणीं पारनेरास कल्हईवाला भाता लावून बसे. तापलेल्या तांब्याच्या पातेल्यांत नवसागर टाकून तो कथील फिरवी. कथील २३२ अंशांवर वितळतें, तांबें १०८५ अंशांवर; म्हणजे पातेलें घनच राही. तरीही दोहोंचे परमाणु एकमेकांत शिरत व सांध्यावर तिसरेंच संयुग जमे. कल्हई घट्ट बसे ती त्यामुळें. घन शिशांतूनही सोनें पसरत जातें, हें रॉबर्ट्स-ऑस्टिन या इंग्रज धातुशास्त्रज्ञानें १८९६ सालीं मोजून दाखविलें.

दाढेंतील 'चांदी' म्हणजे वजनानें सुमारें निम्मा पारा. बाकी रुपें, कथील व तांबें यांची पूड. पारा त्या पुडींत शिरतो, रुप्याशीं व कथलाशीं संयोग पावतो, आणि मऊ लगदा कांहीं तासांत कठीण होतो. पारा वाहत नाहीं, कारण तो बांधला गेलेला असतो.

परंतु ही गांठ फार पक्की नव्हे. रुप्या-पाऱ्याचें संयुग सुमारें १२७ अंशांवर मोडतें, आणि तोंडाची ऊब ३७ अंश. निरपेक्ष शून्यापासून मोजल्यास रुपयांतील बारा आण्यांहून अधिक वाट तोंडांतच संपलेली असते. म्हणून परमाणूंची हालचाल थांबत नाहीं. चर्वणाच्या दाबानें भरलेली चांदी सावकाश सरकते, तिच्या कडा ढळतात, आणि पाऱ्याची अत्यल्प वाफही सुटते.

याच वाफेचा विचार करून मिनामाता करारांतील राष्ट्रांनीं २०२२ सालीं ठरविलें, कीं पंधरा वर्षांखालील मुलें, गर्भवती व स्तनदा स्त्रिया यांच्या दांतांत अत्यावश्यक नसतां ही चांदी भरूं नये. मात्र शाबूत असलेली जुनी चांदी कोरून काढतांना वाफ उलट अधिक सुटते.

तेव्हां आमची दाढ आहे तशीच राहील. नातीची किडलेली दाढ मात्र पाऱ्यावांचून भरली जाईल. जगत् हा शब्द गम् धातूपासून आला, असें आम्ही वर्गांत जन्मभर शिकविलें. त्याचा अर्थ आमच्याच दाढेंत होता, हें आतां उमगलें.