लहानगा कुत्रा पाळावा काय?

शहाडास कारखान्याच्या वसाहतीत किंवा स्टेशनानजीकच्या चाळींत ज्यांस अंगण आहे अशी घरे थोडी. यास्तव मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरला म्हणजे वडील मंडळींची दृष्टी अगदी लहान जातींकडे वळते. हा विचार कितपत योग्य, ते पाहू.

ह्या जातींत चिवावा सर्वांत लहान होय. मेक्सिकोतील एका प्रांतावरून तिला हे नाव पडले. पूर्ण वाढीअंतीही तिचे वजन सुमारे तीन किलोच भरते. पॉमेरेनियनचे मूळ बाल्टिक समुद्राकाठी असून त्याचे पूर्वज बरेच मोठे होते. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतून लहान चणीचे कुत्रे इंग्लंडास नेले, तेव्हापासून ठेंगण्यांची आवड वाढली. आपल्याकडे ‘पामेरियन’ म्हणून जो विकला जातो तो बहुधा देशी स्पिट्झ असतो व याहून मोठा होतो, हे घेणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

लहान कुत्र्यास अन्न थोडे लागते, जागाही थोडी पुरते. आयुष्य मात्र मोठ्या जातींहून अधिक. बारा-पंधरा वर्षे तो सहज जगतो. पाचवीतल्या मुलाने आणलेले पिलू तो नोकरीस लागेतो घरात असावयाचे!

गैरसोयी त्याच्या चिमुकल्या देहातूनच उद्भवतात. हाडे इतकी नाजूक की मुलाच्या हातून निसटला तर पाय मोडावा. गुडघ्याची वाटी सरकते. दात दाटीने येऊन लवकर किडतात. श्वासनलिका दुबळी, म्हणून गळपट्ट्यास दोरी न बांधता छातीभोवतीचा पट्टा वापरावा. लहान पिलू काही तास उपाशी राहिले तरी रक्तातील साखर उतरून मूर्च्छित होते. पावसाळ्यात निराळीच चिंता. उल्हास नदीला २००५ च्या जुलैत आलेला पूर पालकांस आठवत असेल. तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यास होतो व त्याच्या मूत्रावाटे माणसांसही होऊ शकतो. त्याची लस मिळते.

परंतु आमच्या मते खरा धोका एका गैरसमजात आहे. ‘एवढासा तो, त्याचे चावणे ते काय!’ असे म्हणून पुष्कळजण लस टोचावयाचे टाळतात. पिसाळ रोगाचे विष लाळेत असते, आणि दात केवढा आहे हे ते पाहत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचतच नाही. पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या मुलास लस टोचून वाचविले, ते लक्षणे दिसण्यापूर्वीच. म्हणून पिलू तीन महिन्यांचे होताच त्यास लस द्यावी व पुढे वैद्य सांगतील त्याप्रमाणे देत राहावी. मुलांनो, घरच्या कुत्र्याचा दात लागला तरी तो रागे भरणीच्या भयाने लपवू नका. जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेजाऱ्यांचे काय? भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार गृहसंस्थेस कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही. तथापि हे लहानगे मोठ्यांहून अधिक भुंकतात, विशेषतः एकटे पडल्यावर. ज्या घरी आजी-आजोबा दिवसभर असतात तेथे ह्यास आणण्यास आमची हरकत नाही. जेथे सकाळच्या लोकलसाठी लागलेले कुलूप रात्रीच निघते, तेथे तूर्त न आणलेला बरा.